डावा गुडघा

एल्बियो : ...आणि ते हाड मोडलं ना मायकोल, त्याचा आवाज नदीपलीकडे ब्यूनस आयर्सपर्यंत गेला! तिथली कुत्री भुंकायला लागली. आणि हा विल्मार? लंगडी घालत अख्खं मैदान पार केलं पठ्ठ्यानं, आणि डोक्यानं गोल!

विल्मार : गेल्या रविवारी गोष्टीत कुत्री नव्हती, म्हातारबा.

एल्बियो : होती. भुंकत नव्हती.

मायकोल : बघा मास्तर! तुम्ही मोडक्या पायानं खेळलात. माझा तर नुसता सुजलाय. डॉक्टरला सांगा, टोचा एक सुई.

विल्मार : मोजा खाली कर. अरे, हा गुडघा आहे की भोपळा?

मायकोल : थंडीनं दिसतोय तसा.

विल्मार : थंडीनं माणूस आखडतो, फुगत नाही. आज तू बाहेर बसतोस.

मायकोल : आज हरलो तर खालच्या गटात जाऊ, मास्तर! सगळी सेरो वस्ती लोटलीय मैदानावर. माझी आजी चुलीवरची कढई तशीच टाकून आलीय.

एल्बियो : विल्मार, मी आपला कपडे-बूट सांभाळणारा माणूस, पण ऐक. क्लबचे अध्यक्ष आत्ताच म्हणाले, मायकोलला बसवून हरलास तर सोमवारी यायची तसदी घेऊ नकोस. तुझ्या जागी येणारा गडी सूटबूट घालून वर गॅलरीत बसलासुद्धा.

विल्मार : त्याला म्हणावं, आतून लोकर घाल. आमच्या बाकावर वारा फार झोंबतो.

एल्बियो : थट्टा पुरे! पायसांदूच्या क्लबनं हाकललं, बोलिव्हियातल्या क्लबनं हाकललं, शेवटी आपल्या सेरोत आलास. इथूनही हाकललं तर जाशील कुठे?

विल्मार : घरी.

मायकोल : मास्तर, त्या दिवशी तुम्हाला कुणी अडवलं असतं, तर थांबला असतात?

विल्मार : छे! शिव्या घातल्या असत्या. तूही घाल. मी ऐकतोय.

मायकोल : तुमची गोष्ट ऐकत वाढलोय आम्ही. जुन्या खाटीकखान्याच्या उतारावर पोरं अजून लंगडी घालत गोल मारतात, माहितेय?

विल्मार : म्हातारबा, गोष्ट पुढे सांग.

एल्बियो : पुढे काय? गोल झाला, लोकांनी खांद्यावर घेतलं. संपली.

विल्मार : खांद्यावरून उतरवलं कुठे?

एल्बियो : थर्मासातलं चहाचं पाणी निवतंय रे...

विल्मार : सांग.

एल्बियो : दवाखान्यात. मिसरूड नीट फुटलं नव्हतं अजून. त्यानंतर मैदानात आला तो असा, कोट घालून. खेळायला नाही.

मायकोल : हे कधी बोलला नाहीत, आजोबा.

एल्बियो : ऐकायला थांबतं कोण? गोल झाला की पोरं उठून पळतात.

(बाहेर पंचाची शिट्टी.)

विल्मार : चला. म्हातारबा, माझ्या बुटाची नाडी सुटलीय.

एल्बियो : थांब, दार लावतो.

विल्मार : राहू दे उघडं. बघू दे त्याला.

मायकोल : काय बघू?

एल्बियो : हा गुडघा वाकत नाही त्याचा. परत आल्यापासून दर रविवारी नाडी मी बांधतो. कुणाला कळू दिलं नाही. आई गं... माझंही कंबरडं आता कुरकुरतंय.

मायकोल : सरका, आजोबा, मी बांधतो. मास्तर, पाय इथे बाकावर ठेवा. या गुडघ्यानं मला खाली बसता येणार नाही.