नाव केवढं छापायचं

(छापखाना. दुपारची वेळ. टेबलावर एका नव्या नाटकाच्या जाहिरातीचं प्रूफ. एका बाजूला छापखान्याचा मालक, ज्याला जवळचे ‘शाई’ म्हणतात, दुसऱ्या बाजूला त्याचा जुना मित्र : चाळीस वर्षं लोकांना हसवून आता घरी बसलेला नावाजलेला नट.)

नट : म्हणजे दोन्ही कागद आजच आले?

मुद्रक : तासाभराच्या अंतरानं. हा निर्मात्याचा. तुझ्या लेकीचं नाव सगळ्यांच्या वर, आडनावासकट, बोटभर उंच अक्षरांत. आणि ही तिची चिठ्ठी. ‘माझं नाव बाकीच्यांबरोबर, त्यांच्याच मापाचं, सातव्या जागी.’ आता मी कुणाचं ऐकू? निर्माता माझं गिऱ्हाईक, आणि तुझ्या भिंगरीला ती फ्रॉकात असल्यापासून मी बघतोय. म्हणून तुला बोलावून घेतलं.

नट : सातव्या जागी, कारण तिची भूमिका सातवी आहे. बारा वाक्यं. मोजून बारा.

मुद्रक : बारा? अरे, मुख्य भूमिका तिची आहे असं पेपरात आलं होतं. मी कात्रण कापून भिंतीला चिकटवलंय. ते बघ, कटिंग मशीनच्या वर.

नट : काढून टाक. शिळं झालं.

मुद्रक : भूमिका काढून घेतली तिच्याकडून?

नट : तिनं सोडली.

मुद्रक : आणि मला आज कळतंय हे.

नट : सांगायला तोंड पाहिजे ना, शाई. सगळा घोळ मी घातलाय. चारचौघांत ‘माझी पोरगी, माझी पोरगी’ करत मिरवलो आणि शेवटी तिच्याच पायात पाय अडकवला.

मुद्रक : नीट सांग. सुरुवातीपासून. ते यंत्र अर्धा तास बंदच राहणार आहे, रोलर धुवायला टाकलाय.

नट : तुला तिची आधीची चार वर्षं माहीत आहेत. शाळाशाळांतून नाटकं करणारी ती मंडळी. टेम्पोतून सामान न्यायचं, मैदानावर स्वतःच पडदा बांधायचा, सशाचे कान डोक्याला बांधून तीनशे पोरांपुढे उड्या मारायच्या. तिथं तिनं आडनाव कधी सांगितलंच नाही. कुणी विचारलं की म्हणायची, सशाला कुठलं आलंय आडनाव. मला वाटायचं, पोरीला माझी लाज वाटते की काय. तिच्या आईनं एकदा समजावलं की लाज नव्हे, तिला आपलं माप आपण घ्यायचंय. मला तेव्हा ते उमगलं नाही. मी म्हटलं, घरात विहीर असताना ही गावभर घागर घेऊन का हिंडते.

मुद्रक : बरं, मग हे मोठं नाटक?

नट : निवड खुली होती. चाळीस मुली आल्या होत्या. ही रांगेत उभी राहिली, पहिल्या नावानं अर्ज भरला, आणि घरी चकार शब्द बोलली नाही. शेवटच्या दोघींत आली तेव्हा मला सांगितलं. ते सांगताना तिचा चेहरा कसा होता म्हणून सांगू. शाळेत पहिल्यांदा पोहायला शिकून आली होती तेव्हा तसा होता. आणि मी काय केलं? ती आंघोळीला गेली तेवढ्यात दिग्दर्शकाला फोन लावला.

मुद्रक : अरे देवा. तो म्हणजे तुझ्याच हाताखाली तयार झालेला ना?

नट : माझ्या बदली कामाला उभा राहायचा. पहिली संधी मी दिलेली. मी त्याला भूमिका मागितली नाही, शाई. शपथेवर सांगतो. एवढंच म्हणालो, ‘माझी मुलगी आहे त्यात. बघून घे.’

मुद्रक : बघून घे.

नट : नीट लक्ष देऊन बघ, एवढ्याच अर्थानं.

मुद्रक : साहेबानं कारकुनाला ‘बघून घे’ म्हटलं की कारकून काय करतो? अर्थ लावत बसतो का? सही करून मोकळा होतो.

नट : तसंच झालं. तिला भूमिका मिळाली, पेपरात फोटो आला, खाली माझं नाव. लोक काय बोलायचं ते बोलले. वशिल्याचं तट्टू म्हणाले. ती हसून सोडून द्यायची, कारण तिच्या मते तिला खरं काय ते ठाऊक होतं. पंधरा दिवस तालमी झाल्या. मग एके दिवशी कपडेपट सांभाळणारी बाई तिची मापं घेत होती. बाई मनानं चांगली. अगदी मायेनं म्हणाली, ‘बाप असावा तर असा बाई, एवढा मोठा माणूस, पण मुलीसाठी स्वतः फोन केला.’

मुद्रक : झालं.

नट : घरी आली. जेवायला बसलो. दोन घास झाले आणि विचारलं, ‘बाबा, तुम्ही फोन केला होता?’ चाळीस वर्षं रंगमंचावर खोटं बोललो, लोकांनी तिकीट काढून ऐकलं. त्या दिवशी एक वाक्य जमेना. नुसतं ‘हो’ म्हणालो.

मुद्रक : चिडली?

नट : चिडली असती तर बरं झालं असतं. उठली, आपलं ताट घासलं, माझंही घासलं, हात पुसले, आणि म्हणाली, ‘बाबा, आता मला कधीच कळणार नाही.’

मुद्रक : काय कळणार नाही?

नट : फोन नसता तर तिला भूमिका मिळाली असती की नसती.

मुद्रक : हं.

नट : मी म्हणालो, अगं, मिळालीच असती. ती म्हणाली, ‘तुम्ही बघितलं नव्हतं मला. तुम्हाला कसं ठाऊक?’

मुद्रक : खरं सांगू? मलाही हा छापखाना आयताच मिळाला. वडलांनी किल्ली हातात दिली तेव्हा कुणी म्हणालं नाही, हा वशिल्यानं आला. उलट शेजारीपाजारी म्हणाले, पोरानं बापाचं नाव राखलं. आणि काय राखलं? पहिल्याच महिन्यात मी एका शाळेच्या निकालपत्रकावर ‘उत्तीर्ण’मधला ‘ण’ विसरलो. आठशे प्रती. वडलांनी त्या आठशे प्रतींवर मला हातानं ‘ण’ काढायला लावला. पण ते चारचौघांत काही बोलले नाहीत, आणि शाळेलाही फोन केला नाही. मीच गेलो माफी मागायला.

नट : म्हणजे मी फोन करायला नको होता.

मुद्रक : ते तुला माझ्याकडून ऐकायचंय? पुढं काय झालं ते सांग.

नट : दुसऱ्या दिवशी सकाळी ती थेट दिग्दर्शकाकडे गेली. विचारलं, ‘बाबांचा फोन आला नसता तर तुम्ही कुणाला घेतलं असतं?’ त्यानं बरीच टोलवाटोलवी केली. शेवटी म्हणाला, दोघी सारख्याच होत्या. ही म्हणाली, ‘मग भूमिका तिला द्या.’ आणि सरळ त्या दुसऱ्या मुलीच्या घरी गेली. एका वायरमनची मुलगी. घरात पाऊल ठेवलं तेव्हा ती शिडीवर चढून दिवा बदलत होती म्हणे. हिनं सगळं सांगितलं. ती शिडीवरूनच म्हणाली, ‘मला नको.’

मुद्रक : का?

नट : ‘तुला बापानं दिली आणि तू मला दिलीस. शेवटी उपकाराचीच ना? घ्यायची तर दोघी पुन्हा वाचू. सगळ्या मंडळींसमोर.’

मुद्रक : वा. हिला ओळखायला हवं.

नट : झालं तसंच. दुसऱ्या दिवशी तालीम थांबवून दोघींनी एकच प्रवेश वाचला. नट, वादक, दिवे लावणारे, कपडेपटाची बाई, सगळे बसले होते. मी नव्हतो, हे सांगायला नकोच. मी घरी फोनपासून दोन खोल्या लांब बसलो होतो.

मुद्रक : आणि?

नट : संध्याकाळी आली. चपला काढता काढता म्हणाली, ‘बाबा, ती माझ्यापेक्षा चांगली आहे. थोडी नाही. बरीच.’ मी तोंड उघडणार तेवढ्यात म्हणाली, ‘सांत्वन करू नका. मला बरं वाटतंय.’ आणि खरंच वाटत होतं, शाई. इतकी पोटभर जेवली की तिची आई दोनदा स्वयंपाकघरात गेली.

मुद्रक : तुझं काय झालं असेल, ते मला दिसतंय.

नट : मला वाटलं, पोरीचं नशीब मी घालवलं. पुढचे आठ दिवस घरात पाहुण्यासारखा वावरलो. मग तीच म्हणाली, ‘उद्या तालमीला चला. मला छोटं काम मिळालंय. शेवटच्या रांगेत बसायचं आणि बोलायचं नाही.’

मुद्रक : तू आणि बोलायचं नाही.

नट : बसलो. काम असं की दुसऱ्या अंकात शेजारीण छत्री परत करायला येते आणि जायचं नावच घेत नाही. घरात नवराबायकोचं भांडण पेटलेलं, आणि ही मधोमध खुर्चीवर. बारा वाक्यं आहेत, ती पहिल्या दोन मिनिटांत संपतात. पुढं दहा मिनिटं नुसतं बसून राहायचं. मी असतो तर काय केलं असतं? डोळे फिरवले असते, शिंकलो असतो, खुर्चीवरून पडलो असतो.

मुद्रक : पडलायस. तीनशे प्रयोग.

नट : तिनं काही म्हणजे काही केलं नाही. पिशवी या मांडीवरून त्या मांडीवर घेतली. थोड्या वेळानं परत या मांडीवर. भांडण वाढलं की पिशवीचा बंद जरा घट्ट धरायची, एवढंच. दिवेवाला वर मचाणावर हसायला लागला. मग वादक. मग ती वायरमनची मुलगी, जी भांडत होती, तिला हसू आवरेना, तालीम थांबली. आणि मी मागं बसून रडत होतो.

मुद्रक : हसून?

नट : दोन्ही. अरे, मला आयुष्यात गप्प बसून कुणाला हसवता आलं नाही. ते माझ्याकडे नव्हतंच. मग तिला मी कुठून देणार? शिफारस करायची तरी कशाची करणार होतो मी? जे तिच्यात आहे, ते मला ठाऊकच नव्हतं.

मुद्रक : आईचं असेल. वहिनी तुझ्यावर रागावल्या की अशाच बसतात. मी पाहिलंय. पिशवीसुद्धा असते.

नट : घरी जाऊन हेच म्हणालो. दोघी एकमेकींकडे बघून हसल्या, मला काही सांगितलं नाही.

मुद्रक : बरं, आता या जाहिरातीचं बोल. मला चारपर्यंत छपाईला घ्यायचीय.

नट : त्यात काय, तिच्या चिठ्ठीप्रमाणे छाप. निर्मात्याला मी सांगतो. मला नाही म्हणायची त्याची छाती नाही. दे इकडे तो फोन, एका मिनिटात...

मुद्रक : हात काढ.

नट : अरे, पण हे तिच्याच मनासारखं व्हावं म्हणून.

मुद्रक : मागच्या वेळी तरी दुसऱ्या कशासाठी केला होतास?

नट : म्हणजे मी नुसतं बसायचं?

मुद्रक : जमेल. घरातच शिकवणी आहे. आणि बघ, दाराशी कोण उभी आहे.

लेक : शाईकाका, छापायला घेतलं नाही ना अजून? बाबा, तुम्ही इथं कसे?

नट : मी काही केलेलं नाही. विचार याला.

मुद्रक : फोनला हात लावला होता. मी काढायला लावला.

लेक : बरं केलंत. हे घ्या, काका. निर्मात्यांच्या कागदावर त्यांचीच सही. चिठ्ठीप्रमाणे छापा.

मुद्रक : कबूल झाला? कसा काय? तो तर म्हणत होता, तुझ्या नावावर तिकिटं खपतील.

लेक : मी म्हटलं, माझ्या नाही, बाबांच्या नावावर. आणि बाबा नाटकात नाहीत. लोक अख्खा पहिला अंक बाबांच्या मुलीची वाट बघत बसतील, आणि मी येणार दुसऱ्या अंकात, छत्री परत करायला. तोवर बिचारी मुख्य भूमिकेतली मुलगी जीव तोडून काम करणार आणि सगळे दाराकडे बघणार. नाटक पडलं तर माझं नाव मोठं असून काय उपयोग? जरा कुरकुरले. मग म्हणाले, हे आधी सुचायला हवं होतं.

नट : तुझं तूच बोललीस.

लेक : मग? तोंड दिलंय की तुम्ही.

मुद्रक : आडनावाचं काय करू, भिंगरे? ठेवू की काढू? तू तर कधी लावतच नव्हतीस.

लेक : असू दे, काका. काढून बघितलं चार वर्षं. ते माझंच आहे, कुठून चोरून आणलेलं नाही. फक्त मोठं नको.

नट : भिंगरी, अजून रागावली आहेस माझ्यावर?

लेक : थोडी.

नट : किती थोडी?

लेक : रविवारपर्यंत जाईल. पण पुढच्या नाटकाची निवड पुढच्या महिन्यात आहे. मी परत रांगेत उभी राहणार आहे. मुख्य भूमिकेतली ती पण. आत्ताच सांगून ठेवते.

नट : कुणाचं नाटक?

लेक : बाबा.

नट : नको सांगूस. बरोबर. मला माहीतच नको.

मुद्रक : या, दोघं इकडे या. नवीन प्रूफ काढलंय. नीट वाचून घ्या, नंतर माझ्या नावानं ओरडायचं नाही.

लेक : वाचा, बाबा. सापडलं का?

नट : थांब, वरून येतोय. वायरमनची मुलगी पहिली. बरोबर. मग हा... मग ही दोघं...

लेक : सातवं.

नट : हं. बारीक आहे.

लेक : आहे.

नट : पण वाचता येतंय.