करड्या शालीची बाई

खारू : चूक. म्हातारा खोकतो. तू म्हणालीस शिंकतो.

आई : अगं, शब्द कोणता विचारलास तू? 'फ्रॅजाइल'. फ्रॅजाइल म्हणजे नाजूक, पटकन फुटणारं. म्हातारा खोकला काय नि शिंकला काय, बरणी त्याच्या हातून फुटायचीच होती.

खारू : पण कार्डावर खोकतो.

आजोबा : खोकू दे बिचाऱ्याला. दीडशे वर्षं झाली, अजून खोकतोय.

आई : बाबा, तुम्ही हसू नका हो. उद्या समोर तिघं बसणार, एकेक शब्द फेकणार. अर्थ सांगा, वाक्यात वापरा. नुसत्या विचारानं माझी दातखीळ बसते.

आजोबा : मग स्वतःचं एखादं साधं वाक्य करावं. इंग्रजीच्या क्लासच्या बाई काय म्हणतात?

आई : त्याही तेच म्हणतात, स्वतःचं केलंत तर उत्तम. पण स्वतःचं चुकतं ना! पुस्तकातलं छापून आलेलं असतं, त्याला कोण चूक म्हणणार? बाईंची एक आवडती जुनी कादंबरी आहे, कार्डांवरची सगळी वाक्यं तिच्यातूनच काढलीत त्यांनी. सुटा शब्द डोक्यातून निसटतो, गोष्टीतला चिकटून बसतो म्हणे.

आजोबा : गोष्ट तरी कळली का?

आई : कशी कळणार? कार्डं ए-बी-सी-डीनं लावलेली. आधी माणूस मरतो, मग त्याचं लग्न होतं.

आजोबा : नेहमीच्या उलट म्हणायचं.

खारू : आजोबा, मध्ये बोलू नका. पेपर चालू आहे.

आजोबा : बरं बाई. मी आपला पट्टा शिवतो.

आई : बाबा, ती बॅग राहू द्या ना आज. अजून परीक्षा व्हायचीय, आणि घरात बॅग दिसली की मला उगाच धाकधूक होते.

आजोबा : पट्टा तुटलाय तो काय निकालाची वाट बघतोय? पास झालीस तर डोळ्यांच्या त्या मोठ्या हॉस्पिटलात ट्रेनिंगला घेऊन जाशील, नाही झालीस तर भाजीला होईल. शिंप्याला सगळं सारखंच.

आई : हं, विचार पुढचा. पण थांब. मघापासून 'डिपार्ट' आला नाही. 'थ्रेशोल्ड'पण नाही. काल होते.

खारू : नसतील.

आई : नसतील कसे? मी स्वतः रबर लावून ठेवलं होतं. अगं बाई, हरवली की काय? नेमकी तीच विचारली म्हणजे? त्या टेबलाखाली बघ. पंख्यानं उडाली असतील.

आजोबा : सूनबाई, पंख्याला कशाला दोष? उगाच नाही मी हिचं नाव खारू ठेवलं. माझी बटणं, पप्पाची पेनं, काही दिसेनासं झालं की हिच्या गादीखाली हात घालायचा.

आई : खारू?

खारू : लपवली नाहीयेत. लावलीयेत.

(खारू गादीचं टोक उचलते. खाली कार्डांची सरळ रांग.)

आई : परीक्षेच्या आदल्या दिवशी! तुला कळतंय का, मी नापास झाले तर—

खारू : तर जाणार नाहीस.

आजोबा : हं.

आई : म्हणून काढलीस?

खारू : आधी म्हणून. मग नाही.

आई : मग कशाला?

खारू : मग मला दिसलं, ती एकच बाई आहे. करड्या शालीची. 'ग्रे शॉल' मला वाचता येतं, 'चाइल्ड'पण येतं. मग मी तिची सगळी कार्डं वेगळी काढली आणि लावली. रात्रीचं आधी, सकाळचं नंतर. ए-बी-सी-डीनं लावलं की ती हरवते.

आई : सरक बघू. अगंबाई, खरंच की. मी शंभरदा घोकली ही वाक्यं, माझ्या लक्षातच आलं नाही.

आजोबा : वाच की मग. मराठीत वाच, मलापण कळू दे.

आई : 'थ्रेशोल्ड', उंबरठा. करड्या शालीतल्या बाईनं झोपलेल्या मुलीच्या कपाळाला हात लावला आणि उंबरठा ओलांडला.

खारू : पुढचं.

आई : 'डिपार्ट', निघणं. घोडागाडी निघाली तेव्हा तिनं शाल डोक्यावरून ओढली आणि एकदाही मागे पाहिलं नाही.

खारू : आता हे.

आई : 'कन्सोल', समजूत घालणं. शेजारीण मुलीची समजूत घालू लागली, पण मुलीनं ताटाला हात लावला नाही.

आजोबा : अरेरे.

खारू : आणि हे शेवटचं. यात मुलगी खिडकीत बसलीय ना? 'विंडो' लिहिलंय.

आई : हो. रोज दिवेलागणीला बसते, रस्त्याकडे डोळे लावून.

खारू : इथे संपतं. पुढे कार्डच नाही. मी सगळा गठ्ठा बघितला, दोनदा. परत आल्याचं एकपण नाही.

आई : येते गं परत.

खारू : कुठल्या कार्डावर?

आई : कार्डावर नसेल. पण गोष्टीतल्या आया येतातच शेवटी.

खारू : म्हणजे तुला माहीत नाहीये.

आई : ...नाही. मला माहीत नाही.

आजोबा : ज्यांना माहीत आहे त्यांना फोन लावावा.

आई : बाईंना? आत्ता? उद्या परीक्षा, आणि मी हे विचारू? काय म्हणतील त्या!

आजोबा : काहीही म्हणू देत. तिचं पुढे काय झालं कळल्याशिवाय माझी सुई चालायची नाही.

आई : गप्प बसा मग दोघंही. हॅलो, बाई? मी बोलतेय. हो, चाललाय अभ्यास. नाही, शब्द नाही अडला. ती करड्या शालीतली बाई आहे ना कार्डांमध्ये... ती परत येते का? नाही, मला नाही, माझ्या मुलीला हवंय. म्हणजे मलापण हवंय. ...असं? ...हो का. ...आणि पत्रं? ...अच्छा. नाही, बरं झालं सांगितलंत. ठेवते.

खारू : काय म्हणाल्या?

आई : हसल्या आधी. इतक्या वर्षांत पुढे काय झालं म्हणून विचारणारी तू पहिलीच म्हणे.

खारू : आणि?

आई : सांगते. जरा पाणी—

खारू : पाणी नंतर. गोड करून सांगू नकोस हं. मला कळतं.

आई : येते ती परत. पण फार उशिरा. मुलगी तोवर मोठी झालेली असते. दार तीच उघडते आणि विचारते, कोण हवंय आपल्याला?

खारू : आईला?

आई : हो. मग शाल ओळखते.

खारू : तिनं पत्र नाही पाठवलं?

आई : पाठवली, पुष्कळ. पण मुलीला वाचता येत नव्हतं आणि शेजारणीलाही नाही. पत्रं डब्यात पडून राहिली.

खारू : मला येतं वाचता.

आई : येतं ना. माझ्यापेक्षा बरं येतं.

खारू : तू किती दिवस?

आई : सहा महिने. आणि महिन्यातून एकदा येऊन जायचं.

खारू : ती झोपेत सोडून गेली, ती तिची चूक. मला उठवून जायचं.

आई : उठवीन.

खारू : मी रडेन.

आई : मीपण.

आजोबा : रडा खुशाल. चिंध्यांना माझ्याकडे तोटा नाही.

खारू : मग नीट बस आता. पेपर संपलेला नाही. 'रिलक्टंट'.

आई : रिलक्टंट. मन घेत नाही असा. वाक्य : तो म्हातारा डॉक्टरकडे जायला—

खारू : म्हातारा नको. तुझं सांग.

आई : चुकेल गं.

खारू : चुकू दे. मी आहे ना.

आई : आय ॲम... आय ॲम रिलक्टंट टू गो. बट आय विल गो.

आजोबा : मराठीत सांगा रे कुणीतरी.

खारू : तिचा पाय निघत नाहीये. पण जाणार आहे.

आजोबा : मग? बरोबर आहे का वाक्य?

खारू : बरोबर आहे.

आई : मार्क किती?

खारू : मार्क परत आल्यावर.