पंखा चालू होता

आजच्या समारंभाचे अध्यक्ष माननीय गजाननराव, लक्ष्मी गेटच्या गर्दीतून वाट काढत चक्क वेळेवर पोचलेले प्रमुख पाहुणे मुकेशजी, आपल्या लक्ष्मीकेशव देवस्थानाचे मावळते प्रमुख विश्वस्त आणि आजचे सत्कारमूर्ती यशवंतराव, म्हणजे आपणां सगळ्यांचे दादा, समोर बसलेल्या माझ्या बंधुभगिनींनो, आणि मागे भिंतीला टेकून उभ्या असलेल्या, मराठी समजतं पण बोलताना हिंदीत घसरतात अशा आमच्या सगळ्या लेकरांनो, नमस्कार.

महिला मंडळाच्या वतीनं मी, विद्यानं, दोन शब्द बोलावेत असं ठरलं. आता जन्मभर मास्तरकी केलेल्या बाईला दोन शब्द बोलायला सांगणं म्हणजे अध्यक्षांनी स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेणं. छडी गेली, जीभ तेवढी शिल्लक आहे. तरी मी भाषण नीट लिहून आणलं होतं. ते या पर्समध्ये आहे. त्यात दादांची शिस्त आहे, देवळाचा नवा कळस आहे, फरशी आहे, या हॉलचं छप्पर आहे. सगळं खरं आहे आणि त्याबद्दल आम्ही खरोखर ऋणी आहोत. पण ते भाषण आता मी वाचणार नाही.

का, ते सांगते. मघाशी दीपप्रज्वलन झालं, तुम्ही सगळ्यांनी पाहिलं. मुकेशजी वात लावताहेत, ज्योत विझतेय. पुन्हा लावताहेत, पुन्हा विझतेय. तेव्हा दादा काय म्हणाले? "अरे, पंखा बंद करा, वाऱ्यानं विझतंय." लगेच पंखा बंद झाला, दिवा लागला, टाळ्या झाल्या. मी इथे खुर्चीवर बसले होते. ते शब्द कानावर पडले आणि माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. इतक्या साध्या वाक्यानं एवढा राग? हो. कारण हे वाक्य मी दादांच्या तोंडून आधी एकदा ऐकलं होतं.

आपल्या देवळात कौल लावतात. आपले पूर्वज कोकणातून इकडे झाशीला आले, तेव्हा भाषेबरोबर हेही घेऊन आले. देवाच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या गंधानं फूल चिकटवायचं आणि मनातलं विचारायचं. उजवं पडलं तर हो, डावं पडलं तर नाही. मी हे लहानपणापासून पाहिलंय आणि मला त्यात वावगं वाटलं नाही. माणसाला दोन वाटांपुढे उभं राहिल्यावर कुणाचा तरी हात धरावासा वाटतो. माझं देवाशी भांडण नाही, ते कधीच नव्हतं.

मागच्या निवडणुकीआधी मुकेशजी आपल्याकडे कौल लावायला आले होते. मुकेशजी, आपको याद है ना? हां, हंसिए मत, अभी आगे सुनिए. तिकीट मिळेल का, हे त्यांना विचारायचं होतं. आरतीचं तबक धरायला मला बोलावलं होतं, म्हणून मी आत होते. फुलं लावली. डावं पडलं! दादा काय म्हणाले? "अरे, पंखा कुणी चालू ठेवला? वाऱ्यानं पडलं." देवाला उकडतं म्हणून गाभाऱ्याच्या भिंतीवर बसवलेला तो पंखा बंद केला. पुन्हा फुलं लावली. पुन्हा डावं! "गंध पातळ झालंय," दादा म्हणाले. गंध घट्ट केलं. तिसऱ्यांदा उजवं पडलं आणि देवळात जयजयकार झाला. मुकेशजींना तिकीट मिळालं आणि ते निवडणूक हरले. माफ कीजिए भैया, हरले ते हरले. तेव्हा कुणी तरी दादांना विचारलं, तर म्हणाले, "कौल तिकिटाचा लावला होता, निकालाचा नव्हे." मी त्या दिवशी पोट धरून हसले होते. घरी जाऊन शेजारणीलाही सांगितलं होतं. आज मला त्या हसण्याचा संताप येतोय.

कारण याच देवळात, याच गाभाऱ्यात, त्याच पंख्यासमोर आणखी एक डावं फूल पडलं होतं. तेव्हा पंखा कुणाच्या डोळ्यांना दिसला नाही.

माझा धाकटा भाऊ सुभाषचंद्र. इथल्या बहुतेकांनी त्याला पाहिलंय. बरुआसागरला बँकेत होता, रोज बसनं जायचा यायचा, येताना तिथलं ताजं आलं आणून सगळ्या गल्लीत वाटायचा. एक दिवस बसच्या पायऱ्या चढताना त्याला दम लागला. डॉक्टर म्हणाले, हृदयाची झडप खराब आहे, ऑपरेशन करा, धोका आहे पण न करण्यात जास्त धोका आहे. माझी भावजय बकुळा दादांकडे आली. कौल लावला. डावं पडलं. दादा म्हणाले, "देव नाही म्हणतोय." तिनं पुन्हा लावू का विचारलं, तर म्हणाले, "देवाची परीक्षा पाहतेस का?"

ऐकताय ना? मुकेशजींसाठी तीनदा. बकुळासाठी एकदा, आणि वर दटावणी.

तरी बकुळानं ऑपरेशन करवलं. नवऱ्याचा श्वास अडकताना रोज पाहत होती, काय करणार? त्यातून सुभाष उठला नाही. डॉक्टरांनी मला समजावून सांगितलं की हृदय आधीच फार थकलं होतं. मी त्याची सख्खी मोठी बहीण. बकुळाला दोष द्यायचा हक्क जगात कुणाला असेल तर तो आधी मला होता, आणि मला तो एक क्षणही द्यावासा वाटला नाही. पण तेराव्याच्या दिवशी दादा आले आणि भरल्या घरात म्हणाले, "कौल मोडला की असं होतं." त्या पोरीच्या कपाळावर तेव्हाच शिक्का बसला. मग प्रायश्चित्त ठरलं. तिनं उंबरठ्याबाहेरूनच नमस्कार करायचा. आणि जिनं कौल मोडला, तिला पुन्हा कौल नाही.

ती दारापाशी बसलीय ना, फिक्या साडीत, तीच बकुळा. बघू नका तिच्याकडे वळून वळून, आधीच मान वर करत नाही ती. रोज सकाळी देवळाच्या ओट्यावर बसून देवाचं चंदन तीच उगाळते. तुमच्या आमच्या कपाळाला लागतं ते गंध तिच्या हातचं. कौलाची फुलं चिकटतात तीसुद्धा तिनंच उगाळलेल्या गंधानं! तिच्या हातचं गंध देवाला चालतं, तिचा प्रश्न तेवढा चालत नाही. हा कुठला न्याय हो? देवाचा तर नक्कीच नाही.

अध्यक्ष महाराज, तुमची चिठ्ठी मिळाली. "आवरतं घ्या." घेते. पण ज्या गोष्टीसाठी उभी राहिले ती सांगितल्याशिवाय खाली बसले, तर रात्री मला जेवण जाणार नाही.

या थंडीत दादांना माणिक चौकात भर दुपारी छातीत कळ आली. देवाच्या कृपेनं आसपास माणसं होती, गाडी होती. आधी इथल्या दवाखान्यात, तिथून ऑपरेशनसाठी थेट दिल्ली. दादा वाचले, आम्हां सगळ्यांना मनापासून आनंद झाला. मी भेटायला गेले, डाळिंबं घेऊन गेले. बोलता बोलता सहज विचारलं, "दादा, ऑपरेशनचा कौल लावला होता का?" दादा म्हणाले, "विद्याताई, तेवढा वेळ कुठे होता?"

बरोबर आहे. जीव जायला लागला की वेळ नसतो. माझ्या भावाकडे तो होता, असं दादांना का वाटलं असेल?

आता दादा देवस्थान सोडून वॉर्डाच्या निवडणुकीला उभे राहताहेत. त्याचा कौल मात्र लागला, आणि म्हणे पहिल्याच फुलाला उजवा पडला. पंखा तेव्हा बंद होता की चालू, ते विचारायला मी तिथे नव्हते. शाल आमचीच आहे, दादा, ती परत नेणार नाही. महिला मंडळानं निवडून आणलीय, उबदार आहे. पण ज्या हातांनी घरोघरी धाक घातला, तेच हात आता मतांसाठी घरोघर जोडले जाणार, हे पाहून मी टाळ्या वाजवू? आणि आम्ही तरी कुठले साधे? मुलीचं स्थळ नको असलं की कौल. सुनेला नोकरीला पाठवायचं नसलं की कौल. आपल्याला जे सांगायची लाज वाटते, ते देवाच्या तोंडून वदवून घ्यायचं. दादा एकटे काय करतील? त्यांच्या हातात फुलं आपणच दिली.

असो. मुद्द्याचं बोलते.

बकुळाच्या पोटात गाठ आहे. होळीनंतर कळलं. डॉक्टर म्हणतात, आत्ता काढली तर सुटेल, लांबवली तर सांगता येत नाही. तिची मुलगी शिवांगी ग्वाल्हेरला नोकरी करते, तिनं तिथल्या दवाखान्यात सोमवारची तारीख घेतलीय. आणि बकुळा जायला तयार नाही! म्हणते, "वन्सं, एकदा देवाचं ऐकलं नाही आणि घर बुडवलं. आता कौलाशिवाय अंगाला हात लावू देणार नाही." बरं, कौल लावावा, तर तिला कौल बंद. म्हणजे विचारायची बंदी आणि न विचारता जायची भीती. या कात्रीत ती उंबरठ्याबाहेर बसून चंदन उगाळतेय आणि गाठ वाढतेय. शिवांगी माझ्यापाशी येऊन रडली. "आत्या, मम्मी मेरी सुनती ही नहीं. आप ही कुछ करो."

मी काय करू? मी तिला शंभरदा सांगितलं, बकुळा, तुझी चूक नव्हती. ती म्हणते, "तुम्ही मायेनं बोलता." माझी माया तिला पुरत नाही. ज्यानं शिक्का मारला त्यानंच तो पुसला तर पुसेल.

म्हणून दादा, आज सत्काराच्या दिवशी तुमच्याकडे मागणं आहे. कळस नको, फरशी नको. हा माईक तुमच्यापुढे सरकवते. एवढंच म्हणा, "बकुळा, तुझी चूक नव्हती." तुमच्या कारकिर्दीतलं सगळ्यात मोठं काम होईल ते.

मी थांबलेय.

दादा, छताकडे पाहू नका. तिथला पंखा मघाशीच बंद केलाय.

गजाननराव, कानात सांगायचं राहू द्या, त्यांना वाक्य आठवतंय. मुकेशजी, आप भी बैठिए, अभी चाय नहीं आई.

काय गं? बकुळा, तू का उठलीस? नाही नाही, जाऊ नकोस. बोलायचंय? बोल. अहो, जरा शांत राहा सगळे, तिला बोलू द्या. माईक राहू दे, तिचा आवाज पोचतोय.

पुढच्या रांगेतल्यांना ऐकू आलं नसेल, तर मी सांगते. ती दादांना विचारतेय, "दादा, माझ्या वेळी पंखा चालू होता का?"

दादा, हा प्रश्न देवाला नाही. याला फूल लागत नाही. तुम्ही तिथे होता.

काय म्हणालात? "मे महिना होता." बरोबर, मे महिना होता. झाशीचा मे. मग?

जरा मोठ्यानं, दादा. ती दारापाशी आहे.

"चालू होता."

ऐकलंस, बकुळा? चालू होता. वारा होता गं तो. तू काहीही मोडलं नव्हतंस. रड, रड, तुला आज कुणी अडवणार नाही. शिवांगी, बेटा, मम्मी को पकड़ो. आणि सोमवारची तारीख पक्की समज. मी बरोबर येतेय, माझी पिशवी भरून तयार आहे.

दादा, एक वाक्य मागितलं होतं, तुम्ही दोन शब्द दिलेत. तेही फार झाले. तुमची तब्येत चांगली राहो, ही आम्हां बायकांची खरीच इच्छा आहे.

गजाननराव, दुसरी चिठ्ठी पाठवली नाहीत, तुमचे उपकार. मुकेशजी, तुमचं नाव मध्ये घेतलं, राग धरू नका. माईकवाल्या भैयानं माईक बंद केला नाही, त्याला माझ्यातर्फे एक पेढा जास्त द्या. आणि मंडळी, शुभकार्याच्या दिवशी माझ्या तोंडून काही उणंअधिक गेलं असेल तर मोठ्या मनानं पोटात घाला. तेही जमत नसेल, तर विद्या बोलत होती तेव्हा पंखा चालू होता, असं समजा. नमस्कार.