बिनखिडकीची केबिन

पोलीस स्टेशन, उदगीर
दि. १८ नोव्हेंबर २०११

नाव शिवगंगा चंद्रप्पा शेटकार, वय ५४ वर्षे, जात लिंगायत, शिक्षण मॅट्रिक, धंदा घरकाम व दुकान, राहणार चौबारा भागात, उदगीर, जिल्हा लातूर.

मला आज बोलावून माझे दीर वीरभद्र शेटकार यांचा अर्ज वाचून दाखवला. त्यावर विचारल्यावरून मी समक्ष सांगते की, वरील पत्त्यावर मी राहते. माझे पती चंद्रप्पा यांचे प्लास्टिकच्या पाण्याच्या टाक्यांचे दुकान होते. आम्हाला मूलबाळ नाही. दीर शेजारीच राहतात. त्यांच्याशी आमचे पूर्वी कधी भांडण झालेले नाही.

यंदा पाऊस नसल्याने टाक्या फार विकल्या गेल्या. त्यामुळे टाक्यांच्या कंपनीने जास्त विक्री करणाऱ्या दुकानदारांना जोडीने श्रीलंकेची सहल दिली. तुतिकोरिनपर्यंत रेल्वे व बस, तेथून रात्रीच्या बोटीने कोलंबो, असा कार्यक्रम होता. माझ्या पतीने समुद्र पाहिलेला नव्हता. मीही पाहिलेला नव्हता.

पतीने लिंगदीक्षा घेतलेली होती. सकाळी आंघोळ करून, लिंग तळहातावर घेऊन पूजा केल्याशिवाय ते काही खात नसत, पाणीसुद्धा घेत नसत. आमच्यातले सगळेच इतके पाळत नाहीत. ते पाळत होते. यंदा उन्हाळ्यात त्यांनी आमच्या घरची टाकी गल्लीला मोकळी करून दिली होती. तेव्हा ते आंघोळीऐवजी अंगाला भस्म लावून पूजेला बसत. तसे चालते. सहलीची पिशवी मी भरली तेव्हा त्यात भस्माची वडी ठेवली होती. ती त्यांनी बाहेर काढली. म्हणाले, “चारी बाजूंनी पाणी अन् भस्म कशाला नेऊन राहिलीस?” वडी देवघरात परत ठेवली.

तुतिकोरिनला संध्याकाळी बोटीवर चढल्यावर सहलीच्या माणसाने चाव्या वाटल्या. आमच्यासोबत हदगावचे दुकानदार हणमंतराव व त्यांच्या पत्नी उमाबाई होत्या. शेवटी दोन चाव्या राहिल्या. एक वरच्या मजल्यावरची खोली, तिला गोल खिडकी होती, पण न्हाणीघर सगळ्यांचे मिळून बोळाच्या टोकाला. दुसरी खालची, गाड्या ठेवतात त्याच्याही खाली. तिला खिडकी नव्हती, पण न्हाणीघर आतच. सहलीचा माणूस म्हणाला, तुम्हीच ठरवा. मी खिडकीच्या चावीवर हात ठेवला होता. पतीने विचारले, “पाण्याचा नळ कशात हाय?” मग म्हणाले, “सकाळी पूजेच्या वक्ताला लाईनीत उभं ऱ्हावं लागंल. खालचीच घेऊ.” मी हात काढला. अर्जात मी त्यांना खाली नेले असे लिहिले आहे, ते तसे नाही. हणमंतराव हसून म्हणाले, “आप्पा, जन्मभर टाक्या इकल्या, आता टाकीतच झोपा.” पतीही हसले.

माझे पती घरी कधी बंद खोलीत झोपत नसत. उन्हाळा असो की थंडी, दुकानाच्या ओट्यावर झोपायचे. हे दिरांना माहीत आहे. केबिनमध्ये एकावर एक दोन पलंग होते. दिवा घालवला की हात दिसत नव्हता. त्यांनी दिवा लावून दार उघडे ठेवले. ते दार आपोआप लागत होते म्हणून चप्पल अडकवली. बोटीवरच्या माणसाने येऊन ती काढली, आगीच्या भीतीने दार लावूनच ठेवावे लागते असे खुणेने सांगितले. त्यानंतर ते भिंतीला पाठ लावून पलंगावर बसले. मी दोन-तीनदा पडा म्हणाले. ते म्हणाले, “तू झोप. मला हे वरून दाबल्यावानी होऊन राहिलंय.” वर जाऊन मोकळ्यावर बसू असे मी सुचवले. रात्री वरचे दार बंद केलेले होते. पहाटेपर्यंत ते बसूनच होते.

सकाळी यंत्राचा आवाज थांबला. हणमंतरावांनी खाली येऊन सांगितले की कोलंबो समोर दिसत आहे, पण धक्क्यावर जागा नसल्याने बोट उभी केली आहे. पती आंघोळीला गेले. नळातून फुस्स असा आवाज आला, पाणी आले नाही. ते म्हणाले, “घे, उदगीरच आलं की.” वरच्या न्हाणीघरातही पाणी नव्हते. धक्क्याला लागल्यावर पाणी सोडू, असे बोटीवर सांगण्यात आले. पतीने नळ तसाच उघडा ठेवला, पाणी आले की कळावे म्हणून. आमच्याकडे सगळे तसेच करतात.

पतीला रक्तदाबाची गोळी सकाळी उठल्याबरोबर घ्यायची होती. मी गोळी व पाण्याची बाटली हातात दिली. त्यांनी पूजेनंतर घेतो म्हणून गोळी उशाशी ठेवली. मी म्हणाले, आजच्या दिवस घ्या, देवाला कळते. त्यांनी बाटली माझ्या हातात परत दिली. भस्माचा विषय मी काढला नाही, त्यांनीही काढला नाही.

उमाबाईंना हे कळल्यावर त्या वरून दोन बाटल्या पाणी घेऊन आल्या. म्हणाल्या, आप्पा, तांब्याभर तरी अंगावर घ्या आन् पूजा उरका. पती म्हणाले, “वहिनी, प्यायचं पाणी अंगावर घेत नसतेत.” बोळात एक बाई बोट लागून ओकत बसली होती. त्यांनी दोन्ही बाटल्या तिला दिल्या. त्यांना घाम येत होता. मी विचारले तर इथे हवा नाही म्हणून येतो, असे म्हणाले.

नंतर ते मला म्हणाले, “तू तरी वर जाऊन बघ. इतक्या लांब आलो. मी पूजा करून येतोच.” मी उमाबाईंबरोबर वर गेले. त्यांच्या केबिनच्या खिडकीतून समुद्र पाहिला. किती वेळ पाहिला ते सांगता येणार नाही. तेवढ्यात बोट हलून धक्क्याला लागली, म्हणून मी खाली आले.

दार उघडले तेव्हा न्हाणीघरातला नळ जोरात वाहत होता. पती पलंगावर भिंतीला टेकून बसलेले होते. खांद्यावर पंचा, मांडीवर लिंगाची चांदीची डबी. डोळा लागला असे मला वाटले. पाणी वाया जात होते म्हणून मी आधी नळ बंद केला. मग त्यांना हाक मारली.

बोटीवरच्या डॉक्टरांनी तपासले. कोलंबोच्या सरकारी दवाखान्यात शवविच्छेदन झाले. हृदय बंद पडून मृत्यू, असा दाखला आहे, तो मी हजर करते. गोळी उशाशीच सापडली, तीही तेथील पोलिसांनी पाकिटात घालून दिली आहे. मी गोळी दडवली हे अर्जातले म्हणणे बरोबर नाही.

दवाखान्यातून पेटी बंद करण्याआधी मला आत जाऊ दिले. तिथे एक तमिळ बाई कामाला होती, तिच्या कपाळावर भस्माचे पट्टे होते. मला तिची भाषा येत नव्हती. मी तिच्या कपाळाकडे व पतीकडे बोट केले. तिने कमरेच्या पिशवीतून भस्माची पुडी काढून दिली. बादली भरून पाणीही आणले. मी पतीला आंघोळ घातली, भस्म लावले आणि लिंग त्यांच्या डाव्या तळहातात ठेवून पंचाने बांधले. त्यानंतर पेटी माझ्यासमोर बंद झाली. आतून पत्रा आहे. उघडू नये असा तेथील कागद आहे.

पेटी विमानाने हैदराबादला व तेथून गाडीने उदगीरला आणली. त्या दिवशी उदगीर जिल्हा झाला पाहिजे म्हणून बंद होता व चौकात लोक रस्त्यावर बसलेले होते. दीर त्या मागणीच्या समितीत आहेत. गाडी बराच वेळ पुढे जाईना. मी पेटीजवळ आत बसले होते. शेवटी दिरांनीच हात जोडून लोकांना बाजूला केले. ते पायी गाडीच्या पुढे चालत शेतापर्यंत आले.

आमच्यात मयताला बसवून माती देतात. दिरांनी त्या मापाचा खड्डा करून ठेवला होता. पेटी त्यात मावेना. जमीन वाळून दगडासारखी झालेली होती, लांबी वाढवायला फार वेळ गेला. दीर पेटी उघडून भावाला बसवू म्हणाले. भाऊबंदही तेच म्हणाले. मी नको म्हणाले. दीर सगळ्यांदेखत रडले. मला म्हणाले, “वहिनी, माझा भाऊ आडवा जाऊन राहिलाय. वरती काय तोंड दाखवू?” मी त्यांना म्हणाले, “भावजी, ते त्या रात्री बसूनच होते. आता त्यांना पडू द्या.” यापेक्षा जास्त मी कोणाला काही सांगितलेले नाही. पेटी तशीच ठेवून माती दिली.

समाधी उघडून पेटी तपासावी, असे अर्जात मागितले आहे. पेटीत काही लपवलेले नाही. दिरांचा माझ्यावर राग आहे असे मला वाटत नाही. त्यांना भावाला बसवायचे आहे. मला समाधी उघडू द्यायची नाही. माझे म्हणणे एवढेच आहे. तरीही वरून तसा हुकूम झाला तर मी आडवी पडणार नाही. परंतु बाहेर काढल्यावर त्यांना पुन्हा आंघोळ घालावी लागेल, ती मीच घालीन. आमच्या गल्लीत नळ बारा दिवसांनी येतो. तरी तारीख आधी कळवावी, म्हणजे पाणी धरून ठेवता येईल.

हा मजकूर संगणकावर घेऊन मला वाचायला दिला. मी स्वतः वाचला. त्यात खालच्या खोलीला ‘तळघर’ असे आले होते, ते माझ्या सांगण्यावरून ‘केबिन’ केले. बाकी मी बोलले तसेच आहे.

सही
शिवगंगा चंद्रप्पा शेटकार