तेलच तर बदलायचं होतं!

...नाही, पण मी म्हणतो, गाडीच्या इंजिनात घालायच्या तेलाचे इतके प्रकार काढायला सांगितलं होतं कोणी? तुम्हाला सांगतो, दुकानात पाय ठेवला आणि समोर भिंतभर डबे! लाल, निळे, सोनेरी, एक तर चक्क जांभळा, आणि प्रत्येकावर आधी एक आकडा, मग एक इंग्रजी अक्षर, मग परत आकडा... मी आपलं साधं विचारलं, "एक डबा तेल द्या." झालं! दुकानदाराने माझ्याकडे असं बघितलं, की जणू मी औषधाच्या दुकानात जाऊन "एक गोळी द्या" म्हणालोय. "कुठलं?" म्हणाला. म्हटलं, "गाडीचं." "वय?" म्हटलं, "बावन्न." "अहो तुमचं नाही, गाडीचं!" आता मला काय माहीत तो गाडीचं वय विचारतोय? तेलच तर बदलायचं होतं!

बरं, तेवढ्यावर थांबेल तर शपथ. पेट्रोल की डिझेल, रोज पळते की नुसती उभी असते, लांबच्या पल्ल्याला जाणार का, घाट चढणार का... आणि शेवटी, "चालवणार कोण?" मी म्हटलं, "लेक." आणि काय झालं कुणास ठाऊक, तेवढा एक शब्द तोंडातून बाहेर पडला आणि डोळेच भरून आले. उगाच एक डबा उचलला आणि त्याच्यावरचं वाचत बसलो. उलटा धरला होता.

आता हे लेकीचं काय ते सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल, हा माणूस तेलाच्या दुकानात रडतो कशाला. आमची पोरगी जनावरांची डॉक्टर झाली. एकुलती एक. आणि नोकरी कुठे लागली? तर पार तिकडे, दिवसभर गाडी हाकली तर संध्याकाळी पोचाल अशा ठिकाणी. तिथे या गोठ्यातून त्या गोठ्यात फिरायचं, म्हणजे गाडी हवीच. नवी कुठली आणणार? म्हटलं, ही आपली घरची घेऊन जा. तर ती म्हणाली, "चालेल." आणि मग सहज म्हणावं तसं म्हणाली, "मीच चालवत नेते, एकटी." एकटी! तिची आई माझ्याकडे बघायला लागली, मी माझ्या वडिलांकडे, म्हणजे अण्णांकडे, अण्णा छताकडे. एकानेही "नको" म्हटलं नाही. आमच्या घरात हीच तर गंमत आहे, मनातलं कोणी बोलायचं नाही. प्रत्येकाला वाटतं, आपण बोललो तर दुसऱ्याला वाईट वाटेल. असे सगळे एकमेकांना जपत जपत बसलेले.

तर मी त्याच क्षणी ठरवलं, की गाडी आपण आपल्या हाताने तयार करायची. ही म्हणाली, "अहो, गॅरेजवाल्याकडे द्या की!" मी म्हटलं, "का? पोरगी गॅरेजवाल्याची आहे?"  

तर दुकानात. त्या दुकानदाराला बहुतेक माझी दया आली. समजावून सांगायला लागला. "हे बघा साहेब, पहिला आकडा इंजिन गार असतानाचा, दुसरा तापल्यावरचा. पहिला जितका लहान, तितकं गारठ्यात तेल चटकन धावतं." आता तुम्हाला सांगतो, माझं स्वतःचं चष्म्याचं दुकान आहे. आख्खा जन्म मी लोकांना जवळचा नंबर आणि लांबचा नंबर समजावून सांगतोय. लोक मान डोलावतात आणि काऊंटरवरून उठताना विचारतात, "म्हणजे मला दिसत नाही ते नक्की जवळचं का लांबचं?" मला नेहमी त्यांचा राग यायचा. परवा मी मान डोलावली आणि विचारलं, "म्हणजे गार चांगलं का गरम चांगलं?" दुकानदाराने डोळे मिटून घेतले.

तो म्हणाला, "गाडीचं पुस्तक असेल ना? त्यात लिहिलेलं असतं." गेलो गाडीत, काढलं पुस्तक. सगळी पानं कोरी करकरीत, कोणी कशाला उघडतंय! फक्त तेलाचं पान तेलाने माखलेलं, त्या जागी नुसता काळा डाग. आता करायचं काय? शेवटी म्हटलं, "सगळ्यात चांगलं द्या. भारीतलं. वाटेत थांबू न देणारं." तो हसून म्हणाला, "साहेब, तेल काय, गाडीला थांबू देणार नाही. पण चालवणाराच वाटेत थांबला, तर तेल काय करणार?" मी म्हटलं, "चालवणारीला थांबवता आलं असतं, तर तेल घ्यायला आलो असतो का!" मग त्याने सगळ्यात वरच्या फळीवरचा सोनेरी डबा काढला.

घरी आलो, तर अण्णा दारातच. अण्णांची अख्खी हयात ट्रक चालवण्यात गेली. डब्याचं झाकण उघडलं, एक थेंब बोटावर घेतला, अंगठ्याने चोळला, उजेडात धरला, आणि माझ्याकडे असं बघितलं, जसं लहानपणी प्रगतिपुस्तक बघायचे. "हे तेल आहे की पाणी?" मी म्हटलं, "अण्णा, आता पातळच असतं." "आमचं तेल असं असायचं, बोट बुडवलं तर बोट परत मागावं लागायचं! पोरीला या पाण्यावर एवढं लांब पाठवतोस?" मी म्हटलं, "दुकानदाराने दिलंय." "दुकानदाराची पोरगी आहे का ती?" घ्या! माझाच डायलॉग! आता बोला!

मग उतरलो गाडीखाली. पोरगी गेली होती मैत्रिणींचा निरोप घ्यायला, तेवढ्यात उरकू म्हटलं. तुम्ही कधी गाडीखाली गेलाय? जाऊ नका. खालचा नट सोडवायला गेलो तर तो हलेना, हलला तर थांबेना, आणि सगळं काळं तेल आधी माझ्या बाहीत, मग उरलंसुरलं टबात. पण एक सांगतो, ते तेल खाली पडत होतं ना, काळं, दाट, संथ... आणि मी तसाच पडून बघत राहिलो. याच तेलावर तिला शाळेत सोडलं, याच तेलावर परीक्षेला नेलं, असलं काहीतरी डोक्यात. खरं म्हणजे तेल दरवर्षी बदलतं, तेव्हा हे ते तेल नव्हेच! पण गाडीखाली माणसाला अक्कल कुठली? तेलच तर बदलायचं होतं, आणि मी तिथे पाठीवर पडून डोळे पुसतोय. आणि पुसले कशाने? त्याच बाहीने.

वर येऊन नवं तेल ओतलं. तेल मोजायची एक पट्टी असते, डिपस्टिक म्हणतात, तिच्यावर दोन खुणा, खालची नि वरची. मी पट्टी पुसली, बुडवली, बघितली. कमी. आणखी ओतलं. कमी. आणखी ओतलं. वरच्या खुणेला बरोब्बर टेकलं. खूश झालो, झाकण लावलं, आंघोळीला गेलो. संपला विषय.

कुठला संपतोय!

सकाळ झाली. सामान भरलं, उशी भरली, डबा भरला, पाण्याच्या बाटल्या इतक्या, की जणू वाळवंटात चाललीय. पोरीने सगळ्यांना मिठी मारली, गाडीत बसली, किल्ली फिरवली... आणि मागून धूर! असा तसा नाही हो, निळा-पांढरा, ढगच्या ढग! समोरच्या बाईंनी पटापट खिडक्या लावल्या. रस्त्यावरचं कुत्रं उठून दुसऱ्या गल्लीत गेलं. अण्णा धुरातून ओरडतायत, "सांगितलं होतं! पाणी आहे पाणी!" ही ओरडतेय, "अगं उतर, उतर आधी!" आणि मी? मी नुसता उभा. पोरगी उद्या रस्त्यात कुठेतरी अशीच धुरात एकटी उभी असेल, एवढंच दिसत होतं मला.

पोरीने शांतपणे गाडी बंद केली. उतरली. आमच्याच मदतीने गाडी ढकलून रस्त्यावर सपाट जागी घेतली. थोडं थांबली, बॉनेट उघडलं, पट्टी काढली, पुसली, बुडवली, काढली, आणि असं बघितलं, जसं ती गाईच्या डोळ्यात बघते. "बाबा, तेल किती घातलंत?" मी म्हटलं, "खुणेपर्यंत." "कुठे उभी होती गाडी?" म्हटलं, "अंगणात." "उतारावर?" आता अंगण उताराचंच आहे, त्याला मी काय करणार! तेल सगळं एका बाजूला गेलेलं, पट्टीवर कमीच दिसणार. म्हणजे बघा, गावभराचे डोळे तपासणारा मी, मला दोन खुणा नीट वाचता आल्या नाहीत.

पण पोरगी पट्टीकडे बघतच होती. "उताराने एवढं नाही वाढायचं. हे त्याच्याही वर आहे." मग अण्णा खाकरले. "मी आपलं... रात्री जेवण झाल्यावर थोडंसं... माझ्याकडचं जुनं, जाड. नुसत्या पाण्यावर पोरगी कशी पाठवायची?" मी म्हटलं, "अण्णा, मला सांगायचं तरी!" तर म्हणतात, "तू एवढा राबलास, तुला कशाला दुखवायचं?" तेवढ्यात ही पदराचं टोक बोटाला गुंडाळायला लागली. मी म्हटलं, "तू पण?" ती म्हणाली, "डब्यात तळाशी थोडं उरलं होतं. म्हटलं, वाटेत कमी पडलं तर? दोन पोळ्या जास्तीच्या देतो की नाही आपण!"

पोरगी कमरेवर हात ठेवून आमच्या तिघांकडे बघत राहिली. मला वाटलं, आता चिडणार. तर ती हसायला लागली. "माझ्याकडे येतात ना जनावरं, उपाशी राहून आजारी पडलेली थोडीच असतात. मायेने कोंबून कोंबून खाऊ घातलेलीच जास्त. तशीच आहे ही. सगळं काढायचं, आणि नवं मोजून भरायचं." मी धावत दुकानात. दुकानदाराने मला बघितलं, आणि न विचारता सोनेरी डबा काढला.

पण इंजिन गरम. निवल्याशिवाय हात लावायचा नाही, असं डॉक्टरांचं म्हणणं. मग मी आणि पोरगी बसलो पायरीवर. आणि तुम्हाला खरं सांगतो, मला बरं वाटत होतं. एवढा गोंधळ, एवढा धूर, शेजारी हसतायत, आणि मी मनातल्या मनात त्या इंजिनाला म्हणतोय, सावकाश निव बाबा, काही घाई नाही.

ती म्हणाली, "बाबा, मी जाऊ नये असं वाटतंय ना तुम्हाला?"

मी म्हटलं, "निवलं का बघ."

"बाबा."

मग काय करतो! म्हटलं, "हो. वाटतंय. पहिल्या दिवसापासून वाटतंय. तू गेलीस की घर खायला उठेल. पण तू जायलाच हवं, हेही कळतंय. म्हणून तोंडातून निघत नाही."

ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून म्हणाली, "मलाही भीती वाटतेय हो. एकटीने एवढं लांब कधी गेलेय मी? पण तुम्ही कोणी काही बोलत नव्हता, मग मला वाटलं, आपणच घाबरट." मी म्हटलं, "अगं, इथे सगळे घाबरून तेल ओततायत!" ती म्हणाली, "मग मला सांगायचं ना! इंजिनाला कशाला?"

बरोबर आहे की नाही? एवढ्या तेलात जे सांगता आलं नाही, ते एका वाक्यात झालं. मग ती स्वतः गाडीखाली गेली, मी टब सरकवला, नवं तेल मोजून भरलं, सपाट जागी पट्टी बघितली, तिघांनाही एकेक करून दाखवली. अण्णांनीसुद्धा मान डोलावली, पण बोट लावून एकदा चोळून बघितलंच. आणि गेली. धूर नाही, आवाज नाही, वळणावरून हात बाहेर काढून हलवला, आणि गेली. आम्ही तिघं तिथेच उभे. ही म्हणाली, "चहा टाकते." टाकला नाही. तशीच उभी राहिली.

संध्याकाळी फोन आला. पोचली. गाडी काय सुरेख चालली म्हणाली. मी धीर करून विचारलं, "आता घरी कधी येशील?" म्हणाली, "नवी नोकरी आहे बाबा, सुट्टी मागायची कशी? पण एक ठरवलंय, गाडीचं तेल दुसऱ्या कुणाला बदलू द्यायचं नाही. तेल बदलायची वेळ झाली, की गाडी घेऊन घरी. तुम्ही आणि मी मिळून बदलू."

तुम्हाला सांगतो, मी हवेत! दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी त्या तेलवाल्याच्या दारात उभा. म्हटलं, "काय हो, तुम्ही दिलंत ते तेल बदलायला कधी लागतं?" तो छाती फुगवून म्हणाला, "साहेब, सगळ्यात भारी नेलंत तुम्ही! आता वर्षभर बघायलाच नको!" मी म्हटलं, "वर्षभर? आणि ते... वडील म्हणतात ते जाड, साधं?" "छे छे, ते कसलं तेल! ते तर दर चार महिन्यांनी बदलावं लागतं." मी म्हटलं, "मग पुढच्या वेळी तेच द्या!"