संबंधित ठेकेदार

सकाळचे अकरा. तळेगावात आमच्या बातम्यांच्या संकेतस्थळाची कचेरी.

—नको, श्रीयश, तुमच्या कंपनीची ती हुशार यंत्रणा मला पुन्हा दाखवू नका. काम काय होतं? जुन्या बातम्यांच्या फायलींत फॉन्ट बदलताना घुसलेल्या निरर्थक चिन्हांचा कचरा साचलेला, तो काढायचा. त्याला साधा टेक्स्ट एडिटर पुरतो — आधी सगळ्याची कॉपी, मग ‘शोधा’त कचरा, ‘बदला’त काहीच नाही, एका फाइलवर करून बघायचं आणि जमलं की सगळ्यांवर. संपलं. चिक्कीचा तुकडा पाडायला जेसीबी लागतो का? — हसताय काय, जेसीबी विकायला तुम्हीच आलात.

केशवराव आमचे संपादक, मालकही तेच. त्यांनी तुम्हाला बोलावलं, म्हटलं असेल हौस. मी आपली जुनी कॉपी ठेवली आणि तुमचं झाल्यावर दोन्ही शेजारी लावून पाहिल्या — तेही फुकटातल्या प्रोग्रामनं, फरक तेवढा रंगवून दाखवतो. सगळीकडे कचराच गेलेला. फक्त सोमाटण्याच्या भिंतीच्या बातमीत ठेकेदाराचं नावही गेलेलं. भागुबाई जिच्याखाली गेली ती भिंत. नावाच्या जागी काय? ‘संबंधित ठेकेदार’. ती बातमी मी चिखलात उभी राहून लिहिलीय हो. छापील अंक तेव्हा बंदच झालेला, म्हणजे आहे ते हे पान. भागुबाईची लेक समीक्षा परवा चौकशीत हेच दाखवणार आहे. म्हणाली, ‘मावशी, तुमी लिवलंय म्हून तरी कुनी ऐकंल.’

यंत्र चुकलं म्हणता? बाकीचे ठेकेदार जागेवर, पुढाऱ्यांचे वाढदिवस जागेवर, आणि यंत्राला हेच नाव बरं सापडलं? ‘शोधा’च्या चौकटीत ते कुणालातरी टाईप करावं लागतं. तुम्हीच केलंत. — केशवरावांचं नाव घेऊ नका. या बातमीवरून मला धमक्यांचे फोन आले ना, तेव्हा तो माणूस माझ्या दारात खुर्ची टाकून बसला होता. इतक्या वर्षांत माझा एक शब्द कापला नाही त्यांनी. त्यांच्या भरवशावर तर मी — जाऊ दे, तुम्हाला काय सांगायचं.

काल संध्याकाळी मी ते नाव हातानं परत घातलं. पासवर्डही बदलला, तुम्हाला वगळून. उघडा ते पान, बघा तुमच्यावाचून काय अडतंय. उघडलं? ठेकेदाराची ओळ वाचा. मोठ्यानं वाचा.

...‘संबंधित ठेकेदार’? पुन्हा वाचा.

निघा तुम्ही. लॅपटॉप उचला आणि निघा. नवा पासवर्ड मी एकट्या केशवरावांना दिला होता.