मॅडमची तब्येत

(पोखर्णी. गोव्याची सहल करून बालाजी सकाळीच घरी पोचलाय. बॅग अजून ओट्यावरच पडली आहे. बायको राजेश्री नवी कोरी पैठणी हातात घेऊन उभी आहे. आई कमलबाई शेंगा फोडत बसली आहे. ऐकत नसल्यासारखं दाखवते आहे आणि एक अक्षर सोडत नाही.)

राजेश्री : गोव्यात पैठणी मिळती?

बालाजी : मिळती की. गोव्यात काय मिळत न्हाई? लय मोठं मार्केट हाय. म्हनलं, राजेश्रीला काहीतरी न्यावं.

राजेश्री : दुकानाचं नाव काय होतं?

बालाजी : नाव कोन ध्यानात ठेवतंय? आधी चहा टाक. बसमधी अंग मोडून गेलं. अन् दुपारी परभनीला जायचंय. दुकानाच्या परवान्याच्या कागदावर तुझी सही पायजे, आज शेवटची तारीख हाय.

कमलबाई : टाक गं चहा. थकून आलंय लेकरू.

राजेश्री : टाकते, आत्या. आधी ह्यांच्या मनगटावर ते निळं काय आहे, विचारा.

कमलबाई : काय रे ते? गंडा बांधून आलास का काय?

बालाजी : गंडा न्हाई, माय. पट्टी हाय. क्लबात जाताना बांधतेत, कात्रीबिगर निघत न्हाई.

कमलबाई : क्लबात? पत्ते कुटायला गोव्याला गेलतास?

बालाजी : पत्त्याचा न्हाई. समुद्राच्या काठाला, मोठ्या लोकांचा क्लब. बियान्याच्या कंपनीनं सगळ्या डीलरचा प्रोग्राम ठेवला होता तिथं. दारात हे असले पैलवान, काळ्या कपड्यात. माझ्या पायात चप्पल, तर म्हनले बूट पायजेत. मग झरीच्या योगीराजनं बसच्या ड्रायव्हरचे बूट आनून दिले. दोन नंबर छोटे. लंगडत गेलो आत.

कमलबाई : अन् आत काय?

बालाजी : निळा-जांभळा उजेड, अन् गानं असलं, की छातीत धडधड व्हावी. शेजारच्याचं बोललेलं ऐकू येत न्हाई. ग्लासात कागदाची छत्री खोचून देतेत.

कमलबाई : दारू पिलास?

बालाजी : सरबत होतं, माय.

राजेश्री : सरबतावर माझा राग नाही. पट्टीवर काय लिहिलंय, वाचा.

बालाजी : इंग्रजीत हाय काहीतरी.

राजेश्री : येतं तुमाला वाचता. वाचा.

बालाजी : ...राजेश्री.

कमलबाई : तिचं नाव? तुझ्या हातावर?

बालाजी : परवाना तिच्या नावावर हाय ना, मग कंपनीच्या यादीत बी तेच नाव. उगं कागदाचं काम.

राजेश्री : कागदाचं काम! कृषी पदविका माझी, म्हणून परवाना माझा. पाटीवर नाव माझं. नरसिंहाच्या देवळाला जाणारं प्रत्येक माणूस वाचून जातं. कोणाच्या रानात काळी माती, कोणाच्या रानात मुरूम, कुठं कोणतं बी येईल, हे लोक मला विचारतात. अन् मी आतून, पोत्यांच्या आडून सांगते. कारण बाहेरच्या खुर्चीवर तुमी. अख्खा खरीप मी उभी होते. तेव्हा विक्रीत आपला पहिला नंबर आला.

बालाजी : मी कुठं न्हाई म्हनलो?

राजेश्री : मग कंपनी बायकांना नेत नाही, हे कोण म्हणलं?

बालाजी : ते... म्हंजी डीलर लोकांचं ते...

राजेश्री : काल सकाळी दुकानात मला फोन आला. कंपनीच्या अपेक्षा मॅडमचा. म्हणल्या, "मॅडम, तब्येत कशी आहे आता? तुमच्या रूमवर डॉक्टर पाठवू का?"

कमलबाई : कुनाची तब्येत?

राजेश्री : माझी, आत्या. मी गोव्यात आजारी पडले होते. विचारा तुमच्या लेकराला.

कमलबाई : बाल्या, काय म्हनायली ही?

बालाजी : ऐका तर! दारात अडवलं मला. जोडीबिगर आत सोडत न्हाईत. यादीत लिहिलेलं, राजेश्री मॅडम अन् त्यांचे मिस्टर. मॅडम कुठं हायत म्हनले. मागं ही रांग लागलेली. काय सांगू? म्हनलो, हॉटेलात पडून हायत, उलट्या व्हायल्यात. मग सोडलं.

कमलबाई : चांगल्या धडधाकट लेकीला आजारी पाडलंस? तेबी सनासुदीच्या तोंडावर? जीभ कशी वळली रे तुझी?

बालाजी : नाहक परेशान होऊ नको, माय. बोलायची येळ आली, बोललो.

राजेश्री : बाकीचे डीलर?

बालाजी : बाकीच्यांनी... बाकीच्यांनी आनल्या होत्या बायका.

राजेश्री : सगळे?

बालाजी : योगीराज सोडून. त्याचं लगीन व्हायचंय अजून.

कमलबाई : मग त्याला कसं सोडलं आत?

बालाजी : त्यानं आईला आनलं होतं.

कमलबाई : आईला? तानुबाईला?

बालाजी : हं.

कमलबाई : गुडघ्यानं चालता येत न्हाई त्या तानुबाईला! ती गेली त्या क्लबात?

बालाजी : पुढच्या खुर्चीवर बसली होती. टाळ्या वाजवायली होती.

कमलबाई : अन् म्या हितं शेंगा फोडायले. बरं केलंस. लय बरं केलंस, बाबा.

राजेश्री : स्टेजवरचं सांगा आता.

बालाजी : तेबी कळलं?

राजेश्री : फोटो पाठवलाय मॅडमनी.

बालाजी : नाव पुकारलं. राजेश्रीताई, पोखर्णी. सगळे टाळ्या वाजवायले. आता कोनी उठलंच न्हाई तर इज्जत जाती म्हनून मी गेलो. त्यांनी पैठणी खांद्यावर टाकली. हसले लोक. मी बी हसलो.

राजेश्री : म्हणजे विकत नाही घेतली.

बालाजी : ...न्हाई.

राजेश्री : माझीच साडी मला आणून दिलीत, वर उपकार केल्यासारखं! अन् मी फोनवर काय बोलले, माहितंय? म्हणाले, "हो मॅडम, आता बरं वाटतंय. उलट्या थांबल्या." भिंतीवर माझ्या नावाचा परवाना, त्याच्या खाली उभी राहून मी मलाच आजारी केलं. तुमचं खोटं झाकायला. संताप आला मला माझाच. समोर लिंबाजी मामा हरभऱ्याचं बी न्यायला आलेले, त्यांनी सगळं ऐकलं. सांजेपर्यंत निम्मं गाव विचारून गेलं, कितवा महिना?

कमलबाई : आगं माय! म्हनून ती दत्तरावची बायको काल देवळात माझ्याकडं बघून हसायली होती. म्या बी येड्यासारखी हसले.

बालाजी : बायका माणसं तिथं... तू साडीत, घाबरून गेली असतीस. लोक काय म्हनले असते, म्हनून मी...

राजेश्री : तानुबाई घाबरल्या?

बालाजी : ...न्हाई.

कमलबाई : ते राहू दे सगळं. मला एक सांग. समुद्र कसा असतोय रे?

बालाजी : समुद्र?

कमलबाई : काठालाच होता ना तुझा क्लब?

बालाजी : काठालाच. पन आत सगळ्या काचा काळ्या. काय दिसत न्हाई. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे गेले बघायला. माझं डोकं दुखायलं होतं, मी झोपलो.

कमलबाई : सरबतानं?

राजेश्री : नाही बघितला?

बालाजी : न्हाई.

राजेश्री : माझ्या नावानं गेलात. माझी पट्टी बांधलीत, माझ्या टाळ्या घेतल्यात, माझी साडी खांद्यावर टाकून घेतलीत. अन् समुद्र बी बघितला नाही? मला क्लब नको होता हो. चप्पल हातात घेऊन पाण्यात उभी राहिले असते, एवढंच. शाळेपासून नकाशात बघायले त्याला.

बालाजी : चुकलं माझं. पुढच्या साली नेतो तुला. आईला बी नेतो.

राजेश्री : तुमी कोण नेणारे? निमंत्रण मला येतं.

बालाजी : बरं, तू ने. पन आता सही तर कर. दुपारच्या आत कागद जायला पायजे.

राजेश्री : करते. दुकानात जाऊन करते, बाहेरच्या खुर्चीवर बसून. अन् आजपासून तिथंच बसते.

बालाजी : गिऱ्हाईक काय म्हनंल?

कमलबाई : गिऱ्हाईक बियानं मागतंय, तुला न्हाई. सरक, वाटंतून बॅग काढ तुझी. चल गं राजे, म्या बी येते. बसायला दुसरी खुर्ची हाय ना?

राजेश्री : आहे, आत्या.

बालाजी : अन् मी?

राजेश्री : तुमी पडा घरी. कोणी विचारलं तर सांगते मी, ह्यांना उलट्या व्हायल्यात.